'लंडन कॉलिंग'चं निम्मं काम स्टुडिओत पाऊल ठेवण्याआधीच झालं होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १९७९ च्या सुरुवातीला द क्लॅश या लंडनच्या पंक (कच्चं, बंडखोर रॉक) बँडकडे नवी गाणी नव्हती, जुना मॅनेजर गेला होता आणि प्रोड्यूसर म्हणून आणलेला माणूस दारू पिऊन स्टुडिओत खुर्च्या फेकत होता. मग पाच-सहा आठवड्यांत 'लंडन कॉलिंग' हा १९ गाण्यांचा दुहेरी (दोन रेकॉर्डचा) अल्बम उभा राहिला कसा? आणि त्या वेळच्या लोकांनी तो पंक म्हणून स्वीकारला का?

मी बँडच्या ध्वनिमुद्रणाचं काम करतो. हा किस्सा नव्या बँडकडून मला सारखा ऐकायला मिळतो, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ उलटा लावलेला असतो: 'आम्हाला कच्चा, जिवंत आवाज हवाय, म्हणून फार तालीम करत नाही, थेट स्टुडिओत येऊन वाजवतो.' 'लंडन कॉलिंग'चा दाखला यासाठी देणं साफ चूक आहे. त्या स्टुडिओत एवढा धिंगाणा चालू शकला, कारण गाणी चौघांच्या हातात पक्की बसलेली होती. हाताला गाणं माहीत असलं की डोळ्यासमोर खुर्ची उडाली तरी ठेका सुटत नाही.

आधीची परिस्थिती समजून घ्या. जानेवारी १९७७ मध्ये द क्लॅशने सीबीएस या रेकॉर्ड कंपनीशी सुमारे एक लाख पौंडांचा करार केला, आणि 'हे विकले गेले' ही ओरड तेव्हापासूनच सुरू झाली होती. एप्रिलमध्ये पहिला अल्बम आला. कंपनीच्या अमेरिकन शाखेला तो रेडिओवर लावण्याजोगा वाटला नाही, म्हणून तेव्हा तिकडे तो काढलाच नाही. अमेरिकेतल्या लोकांनी आयात केलेल्या प्रती विकत घेतल्या. दुसऱ्या अल्बमसाठी कंपनीला अमेरिकन कानांना चालेल असा आवाज हवा होता, आणि काम ब्लू ऑयस्टर कल्टचे प्रोड्यूसर सँडी पर्लमन यांच्याकडे गेलं. पर्लमन यांची पद्धत पुन्हा पुन्हा टेक (गाण्याचं एका दमात केलेलं ध्वनिमुद्रण) घेण्याची, गिटारवर गिटार चढवण्याची. नोव्हेंबर १९७८ मध्ये आलेला तो अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत मात्र १२८ च्या पुढे सरकला नाही. त्याच सुमारास मॅनेजर बर्नी ऱ्होड्सशी फाटलं, आणि त्याच्यासोबत कॅम्डनमधली तालमीची जागाही गेली. गाणी लिहिणारे आणि गाणारे गिटारवादक जो स्ट्रमर आणि मिक जोन्स या दोघांना बराच काळ नवं काही सुचत नव्हतं. मे १९७९ मध्ये निघालेल्या ईपीवरचं (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवरचं) सगळ्यात गाजलेलं गाणंही दुसऱ्याचंच होतं.

तालमीसाठी नवी जागा मिळाली ती पिम्लिको भागात, एका गॅरेजच्या मागे. नाव व्हॅनिला स्टुडिओज. बाहेरून पाहिलं तर आत बँड वाजवतोय अशी शंकाही येऊ नये अशी ती जागा होती, आणि बँडला तेच हवं होतं. १९७९ च्या उन्हाळ्यात त्यांनी तिथे रोजचा परिपाठ लावून घेतला. जमायचं, समोरच्या मैदानात फुटबॉल खेळायचं, मग खोलीत जाऊन वाजवायचं. फुटबॉलची गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. चार माणसं एकमेकांना कंटाळलेली असतील तर ते पहिल्या टेकमध्येच ऐकू येतं, आणि कुठल्याही यंत्राने ते झाकता येत नाही.

खोलीत शिरल्यावर सुरुवातीला ते आपली गाणी वाजवतच नव्हते. रॉकबिली, जुनं रिदम अँड ब्लूज, जमैकातलं रेगे, सोल, जे आठवेल ते. याच वर्षी फेब्रुवारीतल्या अमेरिका दौऱ्यात त्यांच्या आधी मंचावर येत होता जुन्या अमेरिकन रॉक अँड रोलचा दिग्गज, खुद्द बो डिडली. त्याचा परिणाम झाल्याशिवाय कसा राहील? दुसऱ्याची गाणी वाजवण्याचा एक फायदा मी प्रत्यक्ष कामात पाहत आलोय: त्या वेळी कोणाचा अहंकार पणाला लागलेला नसतो. हे गाणं माझं की तुझं, हा प्रश्नच नसतो. उरतो तो एवढाच प्रश्न की ठेका बसतोय की नाही.

ठेक्याच्या बाबतीत या बँडचं नशीब जोरावर होतं. ड्रमर टॉपर हेडन जॅझ आणि सोल वाजवून तयार झालेला होता. नाव झालं की पुढे जायचं, अशा बेताने तो बँडमध्ये आला होता. बेस गिटारवर पॉल सिमोनन. त्याला सुरुवातीला बेस वाजवताच येत नव्हता. सूर कुठे आहे ते कळावं म्हणून त्याने गिटारच्या मानेवरच्या पट्टीवर सुरांची नावं रंगवून घेतली होती. पण लंडनच्या ब्रिक्स्टन भागात वाढताना रेगे त्याच्या कानात मुरलेलं होतं. रेगेमध्ये बेस गाण्याच्या तळाशी लपून राहत नाही, तोच गाणं चालवतो, आणि दोन सुरांमधली मोकळी जागा वाजवलेल्या सुराइतकीच मोलाची असते. सिमोननला हे कोणी शिकवावं लागलं नाही. व्हॅनिलामध्ये हेडनचा हात आणि सिमोननचा कान एकत्र आले. अल्बममध्ये रेगेपासून रॉकबिलीपर्यंत उड्या मारूनही तो एकाच बँडचा वाटतो, याचं सगळ्यात मोठं श्रेय मी या जोडीला देतो.

हे सगळं मी अंदाजाने सांगत नाही. व्हॅनिलामध्ये त्यांनी टीॲकच्या फोर-ट्रॅकवर (चार आवाज वेगवेगळे टिपणाऱ्या साध्या टेप यंत्रावर) तालमी उतरवून ठेवल्या होत्या. प्रोड्यूसरला ऐकवायची टेप घेऊन निघालेला त्यांचा रोड मॅनेजर जॉनी ग्रीन ती लंडनच्या भुयारी रेल्वेत विसरला. त्या टेप कायमच्या गेल्या असंच सगळे धरून चालले होते. मग २००४ मध्ये सामान हलवताना मिक जोन्सला त्यांच्या प्रती सापडल्या, आणि त्यातले २१ तुकडे अल्बमच्या २५ व्या वर्धापनदिनाच्या आवृत्तीत प्रसिद्ध झाले. ते ऐका. आवाज मळका आहे, शब्द अर्धवट आहेत. पुढे 'क्लॅम्पडाउन' झालेलं गाणं तिथे अजून शब्दांशिवाय आहे, नावही वेगळं आहे. 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन'चं नाव तर नुसतं 'पॉल्स ट्यून' आहे. पण चाली, थांबे, कुठे कोणी गप्प बसायचं, हे बरंचसं ठरलेलं आहे. ऑगस्टमध्ये ते स्टुडिओत आले ते हा सगळा ऐवज घेऊन.

स्टुडिओ होता हायबरीमधला वेसेक्स, एका जुन्या चर्चच्या सभागृहातला. उंच छताची मोठी खोली. सेक्स पिस्तल्स या दुसऱ्या गाजलेल्या पंक बँडच्या अल्बमचं कामही तिथेच झालं होतं, आणि तेव्हाचे इंजिनिअर बिल प्राइस हेच इथेही इंजिनिअर होते. अशा खोलीत ड्रमला आपोआप एक हवा मिळते. माइक जरा लांब ठेवले की खोली स्वतःच वाजायला लागते. 'लंडन कॉलिंग'चा आवाज मोठा वाटतो, तरी गुदमरलेला वाटत नाही. मला त्यात त्या खोलीचा हात स्पष्ट ऐकू येतो, आणि प्राइस यांच्या संयमाचाही.

आता गाय स्टीव्हन्स. साठच्या दशकात लंडनमध्ये अमेरिकन काळ्या संगीताच्या रेकॉर्ड लोकांच्या कानावर घालणाऱ्यांतला हा मोठा माणूस. सू या अमेरिकन रेकॉर्ड लेबलची ब्रिटिश शाखा त्याने चालवली, मॉट द हूपल आणि प्रोकॉल हारम या बँडना नावं त्याने दिली, आणि मॉटचे सुरुवातीचे अल्बमही त्यानेच केले. १९७६ मध्ये द क्लॅशचा एक डेमोही त्याने केला होता. १९७९ पर्यंत दारूने त्याची पार वाट लावली होती. स्ट्रमरने त्याला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका पबमधून शोधून काढलं असं सांगतात. सीबीएसला तो नकोच होता. बँड अडून बसला.

त्याने स्टुडिओत काय केलं? वाजवणाऱ्यांच्या अंगावर जाईल अशी शिडी फिरवली, खुर्च्या फेकल्या, पियानोत दारू ओतली. आज हे वाचायला मजेशीर वाटतं, पण एका आजारी माणसाचं ते वागणं होतं, आणि कोणी त्याची नक्कल करावी असं मी कधीच म्हणणार नाही. मात्र त्याला एक गोष्ट पक्की कळत होती: टेप फिरत असताना वाजवणाऱ्याच्या मनात 'चुकेल का?' ही भीती शिरली की गाणं मेलं. पर्लमन यांच्याबरोबर महिनोन्महिने सुधारणा करत बसलेल्या बँडला ती भीती घालवणारा माणूस हवा होता. स्टीव्हन्स काचेपलीकडे वातावरण पेटवत होता, आणि काचेच्या अलीकडे प्राइस शांतपणे आवाजाच्या पातळ्या सांभाळत होते. कोणता टेक घ्यायचा हे स्टीव्हन्सला अंगातून कळायचं. तो टेक टेपवर नीट उतरलाय याची खात्री प्राइस करायचे. दोघांपैकी एकजण नसता तर हा अल्बम झाला नसता. स्टुडिओच्या दंतकथेत मात्र शिडीवाला लक्षात राहतो आणि पातळ्या सांभाळणारा विसरला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण 'ब्रँड न्यू कॅडिलॅक'. मूळ गाणं व्हिन्स टेलरचं, १९५९ सालचं. हात मोकळे करायला म्हणून ते वाजवलं, आणि स्टीव्हन्सने तोच टेक पक्का केला. हेडनने हरकत घेतली की लय चढलीय, पुन्हा घेऊ. स्टीव्हन्सचं म्हणणं पडलं की रॉक अँड रोलमध्ये लय चढतेच. रेकॉर्ड ऐकताना सुरुवात आणि शेवट यांवर पायाने ठेका धरून पाहा, फरक जाणवेल. आणि तरीही तो टेक बरोबर आहे, कारण चौघेही एकत्र चढलेत. एक पुढे पळाला आणि बाकीचे मागून ओढले गेले, असं कुठेच होत नाही. क्लिक ट्रॅक (वाजवताना कानात चालणारा ठरावीक लयीचा ठोका) वापरावा की नाही, असं मला बँड विचारतात तेव्हा मी हेच गाणं लावतो. लय बदलली म्हणून टेक टाकून द्यायचा नसतो. चौघांची लय चार दिशांना गेली तर टाकून द्यायचा.

मूळ वादन बरंचसं पहिल्या-दुसऱ्या टेकमध्ये उतरलं, दिवस अठरा-अठरा तासांचे झाले. पण म्हणून त्यावर पुढे हात फिरवला नाही असं समजू नका. वरचं काम जोन्स आणि प्राइस यांनी बारकाईने केलं. ब्लॉकहेड्स बँडचा मिकी गॅलाघर ऑर्गनवर आला, ब्रासवाले (पितळी वाद्यं वाजवणारे) आले. 'द कार्ड चीट'मध्ये तर आवाज भरभक्कम व्हावा म्हणून प्रत्येक वाद्य दोनदा वाजवून एकावर एक बसवलं. तीन सुरांचं दोन मिनिटांचं गाणं म्हणजे पंक, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे गाणं हेडफोनवर ऐकावं.

शीर्षकगीताची सुरुवात जवळून ऐका. गिटार प्रत्येक मात्रेवर एकेक तुटक घाव घालते. ड्रमही त्याच पावलांनी चालतात. गिटारला सूर लांबवायची मुभाच नाही, म्हणून मधे रिकामी जागा राहते, आणि त्या जागेतून सिमोननचा बेस वरून खाली घसरत येतो. रेगेतून शिकलेली मोकळी जागा इथे रॉकच्या कामाला आली. वर स्ट्रमरचे शब्द: बीबीसीच्या युद्धकाळातल्या प्रसारणाची ललकारी, मार्च १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडला झालेल्या अणुभट्टीच्या अपघाताची धास्ती, थेम्सला पूर आला तर लंडन बुडेल ही तेव्हाची खरीखुरी भीती. पूर रोखणारा नदीवरचा मोठा बंधारा तेव्हा अजून बांधून पुरा व्हायचा होता. शेवटी गिटारमधून मोर्स लिपीत एसओएसचे ठोके येतात. हा मदतीचा संदेश कुणी समजावून सांगत नाही, गाणं तसंच विरत जातं.

किमतीची लढाईही सांगितली पाहिजे, कारण अल्बमच्या स्वागतात तिचा वाटा आहे. बँडला दुहेरी अल्बम एका रेकॉर्डच्या किमतीत द्यायचा होता. सीबीएस तयार नव्हती. मग सोबत एक सिंगल फुकट द्यायची परवानगी मागितली, ती बारा इंची करायला कंपनी तयार झाली, आणि त्या बारा इंचांत बँडने नऊ गाणी भरून दुसरी रेकॉर्डच देऊन टाकली. ब्रिटनमध्ये दोन्ही रेकॉर्ड मिळून सुमारे पाच पौंडांना मिळत होत्या. अल्बममधलं शेवटचं गाणं 'ट्रेन इन व्हेन' मुळात एनएमई या संगीत साप्ताहिकाबरोबर फुकट वाटायच्या लवचीक रेकॉर्डसाठी केलं होतं. तो बेत फिसकटला, तोवर कव्हर छापून झालं होतं, म्हणून गाणं अल्बममध्ये आहे पण मूळ कव्हरवरच्या यादीत नाही. शोधणाऱ्याला नाव मिळायचं ते चौथ्या बाजूच्या शेवटी, खाचा संपतात तिथे कोरलेलं. आणि नेमकं हेच अमेरिकेत २३ व्या क्रमांकापर्यंत गेलं. या बँडला तिथे त्याआधी असं यश मिळालं नव्हतं.

कव्हरवरचा फोटो पेनी स्मिथ यांचा. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये प्रेक्षकांना खुर्चीतून उठू दिलं जात नव्हतं, त्या संतापात सिमोननने आपला बेस मंचावर आपटला. फोटो अस्पष्ट आहे म्हणून स्मिथ यांना तो द्यायचाच नव्हता. रे लोरी यांनी त्याभोवती गुलाबी-हिरवी अक्षरं लावली, थेट एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५६ च्या पहिल्या अल्बमसारखी. आत जे संगीत आहे त्याचं याहून प्रामाणिक कव्हर होऊ शकलं नसतं: जुन्या रॉक अँड रोलचा वारसा मान्य करायचा आणि त्याच वेळी वाद्य फोडायचं.

आता स्वागत. १४ डिसेंबर १९७९ ला अल्बम ब्रिटनमध्ये आला आणि नवव्या क्रमांकापर्यंत गेला. म्हणजे आधीच्या अल्बमपेक्षा खाली! हे फार थोडे लोक सांगतात. शीर्षकगीत ११ व्या स्थानावर पोचलं. अमेरिकेत जानेवारी १९८० मध्ये आला आणि २७ वर गेला, जिथे आधीचा १२८ वर अडला होता. समीक्षकांतही एकमत नव्हतं. एनएमईने तो उचलून धरला. साउंड्स या दुसऱ्या संगीत साप्ताहिकात गॅरी बुशेल यांनी पाचपैकी दोनच तारे दिले. बँड मागे गेलाय, रोलिंग स्टोन्ससारखा बंडखोरपणाचा जुना वेश चढवतोय, असा त्यांचा रोख होता. अमेरिकेत व्हिलेज व्हॉइस साप्ताहिकाच्या समीक्षकांच्या १९८० च्या कौलात तो पहिला आला, आणि १९८९ मध्ये रोलिंग स्टोन मासिकाने त्याला ऐंशीच्या दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. अमेरिकन प्रकाशनाची तारीख धरली की तो ऐंशीच्या दशकात बसतो, म्हणून हे शक्य झालं.

बुशेल यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. १९७७ च्या पंकने जुनं सगळं जाळायची भाषा केली होती, आणि दोन वर्षांत त्यातलाच अग्रणी बँड ब्रास, पियानो आणि पन्नासच्या दशकातली गाणी घेऊन आला. ज्या पोराने त्या भाषेवर विश्वास ठेवला होता त्याला फसवल्यासारखं वाटलं असेल, तर ते समजण्यासारखं आहे. माझं मत मात्र वेगळं आहे. पंकचा जीव आवाजाच्या जाडीत नव्हता. कोणाला गाणं म्हणायचा हक्क आहे, या प्रश्नात तो होता. सिमोननने याच अल्बमसाठी 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' हे स्वतःचं पहिलं गाणं लिहिलं आणि स्वतः गायलं. गाणं लिहिणाऱ्याला पैसे मिळतात हे कळल्यावर आपणही लिहायला हवं असं त्याला वाटलं, हे त्याने उघडपणे सांगितलंय. गळा तयार नाही, उच्चार रस्त्यावरचे, आणि गाणं पोलीस दारावर धडकले तर काय करशील हे विचारणारं. ब्रिक्स्टनच्या दंगली १९८१ च्या, गाणं त्याच्या आधीचं. तीन वर्षांपूर्वी पट्टीवर सुरांची नावं रंगवणाऱ्या माणसाने असं गाणं द्यावं, याहून पंक काय असतं? १९९० मध्ये त्याच बेसच्या चालीवर बीट्स इंटरनॅशनलचं गाणं उभं राहिलं आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

गाय स्टीव्हन्स ऑगस्ट १९८१ मध्ये गेला, वयाच्या ३८ व्या वर्षी. दारू सोडवण्यासाठी दिलेल्या औषधांचाच अतिरेक झाला. बँडने त्याच्यावर गाणं केलं. तोवर त्यांचा तीन रेकॉर्डचा 'सँडिनिस्टा!' येऊन गेला होता, आणि तोही स्वस्तात देण्यासाठी त्यांनी पहिल्या दोन लाख प्रतींच्या मानधनावर पाणी सोडलं होतं.

तुम्ही स्वतः बँडबरोबर स्टुडिओत जाणार असाल, तर क्रम असा ठेवा. आधी व्हॅनिलाच्या टेप ऐका, मग त्याच गाण्यांची अल्बमवरची रूपं, आणि प्रत्येक गाण्यात फक्त बेस आणि ड्रमकडे लक्ष द्या. तालमीच्या खोलीत काय ठरलं होतं आणि वेसेक्समध्ये काय वाढलं, हे दोन-तीन गाण्यांतच कानाला कळायला लागतं. मग तुमच्या स्वतःच्या तालमीचं रेकॉर्डिंग लावा, फोनवर केलेलं असलं तरी चालेल. त्यात गाणं उभं असेल तर स्टुडिओची तारीख ठरवा. नसेल तर तालमीची खोली अजून महिनाभर घ्या. स्टुडिओपेक्षा ती नेहमीच स्वस्त पडते.